वरच्या दर्जाच्या मागे लागावे का? (फ्रीक्वेंट फ्लायर, सर्वोच्च पायरी)

पश्चिमवारा

वारंवार उडणाऱ्यांना विमान कंपन्या पॉइंटांवर दर्जा (स्टेटस) देतात, वरच्या दर्जाला जास्त सोयी. वर्षाचे शेवटचे तीन महिने आले की एकच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत फिरत राहतो: "वरच्या दर्जाला थोडेच पॉइंट कमी पडताहेत, एखादी जादा फेरी मारू का?" त्यावर एकाच ठिकाणी नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

माझे मत आधीच सांगतो. मधला दर्जा, म्हणजे ज्याने अलायन्समधल्या (विमान कंपन्यांच्या गटातल्या) सगळ्या कंपन्यांची लाउंज उघडतात तो, जरा वाकडी वाट करूनही मिळवण्यासारखा आहे. त्याच्या वरचा दर्जा कामाच्या प्रवासातून आपसूक मिळत असेल तर जरूर घ्यावा. त्यासाठी पदरचे पैसे घालू नयेत.

कंपनीचे स्वतःचे दर्जे चार-पाच असले तरी अलायन्सला त्यांतले दोन किंवा तीनच दिसतात. स्टार अलायन्समध्ये सिल्व्हर आणि गोल्ड, स्कायटीममध्ये एलिट आणि एलिट प्लस, वनवर्ल्डमध्ये रुबी, सफायर आणि एमराल्ड. युनायटेडचा प्रीमियर गोल्ड हा स्टार गोल्ड, आणि त्याच्या दोन पायऱ्या वर असलेला वन-के सुद्धा स्टार गोल्डच. दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर उभे राहिलात की त्या दोन पायऱ्यांसाठी केलेला खर्च तिथे कुणाला दिसतच नाही.

स्टार गोल्डला काय मिळते ते एकदा लिहून ठेवतो, कारण न मिळणाऱ्या गोष्टीही लोक गृहीत धरतात. लाउंज, सोबत एक पाहुणा (त्याचेही त्याच विमानाचे तिकीट हवे). चेक-इन आणि बोर्डिंगला वेगळी रांग. पट्ट्यावर सामान आधी. वजनाची पद्धत असेल तिथे २० किलो जादा, नगांची असेल तिथे एक नग जादा. वेटलिस्ट आणि स्टँडबायमध्ये अग्रक्रम. मोफत सीट निवड आणि अपग्रेड या दोन गोष्टी अलायन्सच्या यादीत नाहीत. त्या मिळाल्याच तर तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या विमानात.

गणकयंत्र

सहमत. हिशेब कसा मांडायचा तेवढे लिहितो, बहुतेकांचा घोळ तिथेच होतो.

फायद्यांची यादी काढून सगळ्यांची बेरीज केली की आकडा मोठाच येतो. पण त्यातले बरेचसे मधल्या दर्जाला मिळालेलेच असते. वरच्या पायरीचा हिशेब करताना तिथे नव्याने हाती येणाऱ्या गोष्टीच धरायच्या. त्यांची किंमतही दरपत्रकातली धरायची नाही. दर्जा नसता तर आपण रोख किती मोजले असते तेवढीच धरायची. ज्या अपग्रेडला तुम्ही कधीच हजार डॉलर दिले नसते, त्याची किंमत तुमच्यापुरती हजार डॉलर नाही.

युनायटेडचेच उदाहरण घेऊ. २०२५ च्या नियमांत प्लॅटिनमला १८,००० पीक्यूपी (दर्जासाठी मोजले जाणारे पॉइंट) लागत आणि वन-केला २८,०००. (दुसरा मार्ग फ्लाइट मोजण्याचा: ४५ फ्लाइट आणि १५,०००, किंवा ६० फ्लाइट आणि २२,०००.) कर वगळता भाड्याच्या दर डॉलरला एक पीक्यूपी. म्हणजे फरक १०,००० चा. बदल्यात नवे काय? २८० प्लसपॉइंट (अपग्रेडसाठी वापरायचे पॉइंट). स्वस्त इकॉनॉमीच्या तिकिटावरून लांब पल्ल्याच्या पोलारिसमध्ये (युनायटेडच्या बिझनेस क्लासमध्ये) जायला एका दिशेला ८० लागतात, म्हणजे साडेतीन अपग्रेड. वरच्या भाड्याची इकॉनॉमी असेल तर ४० लागतात, म्हणजे सात. शिवाय त्या नियमांत डॉलरमागे ९ ऐवजी ११ माइल्स, अपग्रेडच्या यादीत वरचा क्रमांक आणि वेगळी फोन लाइन.

त्यातही अपग्रेड हातात पडेलच असे नाही. पोलारिसमध्ये 'पीझेड' या बुकिंग क्लासमध्ये (अपग्रेडसाठी ठेवलेल्या जागांच्या गटात) जागा खुली असेल तरच ते लगेच पक्के होते, नाहीतर वेटलिस्ट. उशिरापर्यंत जागा निघाली नाही तर पॉइंट परत येतात, पण तुम्ही रात्रभर मधल्या सीटवर बसलेले असता. सुटीच्या हंगामात, शुक्रवारी, रविवारी पीझेड क्वचितच दिसतो. प्रवास मंगळवार-बुधवारचा आणि तारखा हलवता येणाऱ्या असतील तर २८० पॉइंटचे चीज होते. तारखा ठरलेल्या असतील तर होत नाही.

ते १०,००० डॉलर कंपनी भरत असेल तर प्रश्नच नाही. स्वतः भरणार असाल तर त्यातून सवलतीतली बिझनेसची तिकिटे थेट विकत घ्या. सीट पक्की मिळते आणि वेटलिस्टकडे बघत बसावे लागत नाही.

ध्रुवदिशा

एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये हाच मुद्दा वेगळ्या अंगाने दिसतो, कारण तिथले एक्सपी (दर्जाचे पॉइंट) भाड्यावर अवलंबून नाहीत. अंतराचा पट्टा आणि केबिन पाहून ते मिळतात. इकॉनॉमीत दर टप्प्याला देशांतर्गत २, मध्यम पल्ल्याला ५ आणि लांब पल्ल्याच्या तीन पट्ट्यांना ८, १०, १२. प्रीमियम इकॉनॉमीला दुप्पट, बिझनेसला तिप्पट.

यात 'टप्पा' कळीचा. १२ चा लांब टप्पा आणि पुढे ५ चा मध्यम टप्पा असे बदलून गेलात तर एका दिशेला १७, जाऊन-येऊन ३४. तेच बिझनेसमध्ये १०२. सिल्व्हरला १०० लागतात, म्हणजे एका फेरीत काम झाले. थेट विमान घेतले असते तर बिझनेसमध्येही ७२ वरच थांबला असता.

आता बारीक नियम. सिल्व्हर झालात की ते १०० वजा होतात आणि तुमचे वर्ष नव्याने सुरू होते. गोल्डला पुन्हा १८०, त्यानंतर प्लॅटिनमला पुन्हा ३००. शून्यापासून गोल्ड २८०, प्लॅटिनम ५८०. गोल्ड आणि प्लॅटिनम दोघेही स्कायटीमला एलिट प्लसच. म्हणजे पहिल्या २८० एक्सपीत लाउंज, स्कायप्रायॉरिटी (चेक-इन, बोर्डिंगला वेगळी रांग) आणि जादा नग मिळतात, आणि पुढच्या ३०० त अलायन्सच्या पातळीवर काहीच नाही. इकॉनॉमीत हे ३०० म्हणजे वर सांगितलेल्या ३४ च्या नऊ फेऱ्या!

एक अपवाद. सलग दहा वर्षे प्लॅटिनम राखला की तो आयुष्यभरासाठी मिळतो. ज्यांची सात-आठ वर्षे झालीत त्यांनी उरलेली वर्षे सोडू नयेत. तिथे जादा फेरीला अर्थ आहे.

खिडकीपाशी

मी विरुद्ध बाजू मांडतो. वरची सगळी उदाहरणे स्टार आणि स्कायटीमची आहेत, जिथे अलायन्सला दोनच पायऱ्या दिसतात. वनवर्ल्डला तीन दिसतात, आणि सफायर व एमराल्डमधला फरक खरा आहे. सफायरला बिझनेस लाउंज, एमराल्डला फर्स्टची लाउंज, तीही इकॉनॉमीच्या तिकिटावर. हाँगकाँगला कॅथेचे 'द पिअर, फर्स्ट', सिडनी आणि मेलबर्नला क्वांटासचे फर्स्ट लाउंज, हीथ्रोच्या टर्मिनल ५ ला फर्स्ट विंगमधून सिक्युरिटी. जादा सामान सफायरला १५ किलो, एमराल्डला २०. सहा-सात तासांचा ट्रान्झिट इकॉनॉमीच्या दोन लांब टप्प्यांच्या मध्ये येत असेल तर टेबलावर वाढलेले जेवण, शॉवर आणि आडवे व्हायला शांत जागा यांचा शरीरावर होणारा परिणाम पैशांत मांडता येत नाही.

सगळीच दारे उघडतात असे मात्र नाही. हीथ्रोची काँकोर्ड रूम किंवा दोह्याचे अल सफवा ही फर्स्टचे तिकीट असणाऱ्यांसाठी. एमराल्डवर प्रवेश नाही.

दुसरे म्हणजे गोंधळाच्या दिवशीची मदत. वादळाने दोनशे माणसांचे विमान रद्द झाले की पुढच्या विमानातल्या उरलेल्या नऊ जागा कुणाला मिळतात? यंत्रणा आपोआप फेरबुकिंग करते तेव्हा दर्जा, भाडे आणि पुढचे कनेक्शन पाहते. वरच्या दर्जाची फोन लाइन दोन मिनिटांत उचलली जाते, काउंटरची रांग दोन तासांची असते. नऊ जागा संपायला तेवढा वेळ लागत नाही.

गणकयंत्र

खिडकीपाशी, फोन लाइनचा मुद्दा मान्य. हा सर्वोच्च दर्जाचा सर्वात खरा फायदा, आणि नेमका तोच जाहिरातीत कुठे नसतो. पण त्याला दोन मर्यादा आहेत. एक, तो तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या तिकिटावर. दुसऱ्या कंपनीने काढलेल्या तिकिटाला ती लाइन बहुतेक वेळा हात लावू शकत नाही. दोन, पैशांची भरपाई दर्जावर ठरत नाही. युरोपीय संघाच्या २६१/२००४ नियमातले २५०, ४०० आणि ६०० युरो सर्वोच्च दर्जाला आणि पहिल्यांदाच उडणाऱ्याला सारखेच.

रांगेत उभे असतानाच फोन लावायचा, आणि त्याआधी ॲपवर पर्यायी विमाने पाहून फ्लाइट नंबर हाताशी ठेवायचे. "मला कुठल्याही विमानात बसवा" म्हणण्यापेक्षा "अमुक नंबरच्या विमानात जागा दिसते आहे, त्यात हलवा" म्हटले की दर्जा नसलेल्याचेही काम निम्म्या वेळेत होते.

दोन_बॅगा

कुटुंबासोबत प्रवास करणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो, तो कुणी मांडला नाही. दर्जा एकट्याचा असतो. लाउंजला एक पाहुणा, म्हणजे चौघांत दोघे आत आणि दोघे बाहेर. जादा नग फक्त दर्जा असलेल्याच्या नावावर, तोही सगळीकडे नाही. बिनसामानाच्या सर्वात स्वस्त भाड्याला बऱ्याच कंपन्यांनी अपवाद ठेवले आहेत. बोर्डिंगला सहसा एकाच बुकिंगमधल्यांना सोबत सोडतात, अपग्रेडच्या यादीत मात्र पूर्ण कुटुंब एकत्र असले तर कुणालाच मिळत नाही, कारण चार जागा एकदम निघत नाहीत. एकट्याच्या अपग्रेडसाठी त्याचे बुकिंग वेगळे केले तर फेरबुकिंगच्या वेळी ताटातूट होते.

मुलांसोबत वर्षातून एक-दोनदाच जाणाऱ्यांनी दर्जाचा विचारही करू नये. तेवढ्याच पैशांत पुढच्या रांगेतल्या सीट आणि एक जादा नग सरळ विकत घ्यावा.

तिकीटघर

आतापर्यंतच्या चर्चेत पॉइंट मिळतातच असे धरले आहे. प्रत्यक्षात सर्वाधिक निराशा होते ती पॉइंट न मिळाल्याने किंवा चौथा हिस्सा मिळाल्याने. तिकीट काढण्याआधी चार गोष्टी पाहा.

बुकिंग क्लासचे अक्षर. इकॉनॉमी ही एक केबिन असली तरी तिच्यात डझनभर क्लास असतात: वाय, बी, एम पासून क्यू, के, ओ, जी पर्यंत. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला अंतराच्या १०० टक्के आणि दुसऱ्याला शून्य माइल्स, हे सर्रास होते. आणि तक्ता पाहायचा तो ज्या प्रोग्राममध्ये माइल्स जमा करणार त्याचा. विमान उडवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा तक्ता तिच्या स्वतःच्या सदस्यांसाठी असतो.

विमान प्रत्यक्ष कोण चालवते. कोडशेअरमध्ये फ्लाइट नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचे. वनवर्ल्डचे फायदे मिळायला विकणारी आणि चालवणारी दोन्ही सदस्य असाव्या लागतात. अलायन्सच्या सदस्याच्या नंबरवर बाहेरच्या कंपनीचे विमान आले तर लाउंजच्या दारातूनच परत फिरावे लागते.

तिकिटाचे पहिले तीन आकडे. ००१ अमेरिकन, ००६ डेल्टा, ०१६ युनायटेड, १२५ ब्रिटिश एअरवेज, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर. भाड्यावर पॉइंट देणाऱ्या प्रोग्राममध्ये हे आकडे निर्णायक. युनायटेडचेच घ्या: ०१६ च्या तिकिटावर पीक्यूपी भाड्यानुसार मिळतात. भागीदार कंपनीच्या तिकिटावर मिळणाऱ्या माइल्सना ५ ने किंवा ६ ने भागून जे येईल तेवढे, आणि त्यालाही दर टप्प्याला कमाल मर्यादा.

शेवटचे, बोर्डिंग पास. नाव, सीट आणि गेटच्या आसपास कुठेतरी दर्जा छापलेला असतो, 'स्टार गोल्ड' किंवा 'एमराल्ड'. तो प्रत्येक टप्प्याच्या पासवर हवा. एका तिकिटात दोन कंपन्या असतील तर दोघींचे पीएनआर वेगळे असतात आणि सदस्य क्रमांक पहिल्याच पीएनआरमध्ये पडून राहिलेला असतो. दुसऱ्या पासवर दर्जा छापलेला नसेल तर गेटवर जाण्याआधी ट्रान्सफर डेस्कला क्रमांक घालून पास पुन्हा छापून घ्या. नंतर लाउंजचा कर्मचारी सहानुभूती दाखवेल, पण स्कॅनर दार उघडणार नाही.

नकाशे

मला सर्वात मोठा धोका वाटतो तो नियम मधेच बदलण्याचा. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला ॲडव्हांटेज हा आपला प्रोग्राम सुरू केला तेव्हापासून कितीतरी वर्षे मोजमाप अंतराचे होते. आता ते जवळजवळ सगळीकडे पैशाकडे सरकले आहे. अमेरिकनने २०२२ मध्ये लॉयल्टी पॉइंट आणले; २०२३ पासून गोल्ड ४०,०००, प्लॅटिनम ७५,०००, प्लॅटिनम प्रो १,२५,०००, एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम २,००,०००, आणि हे पॉइंट विमानात न बसता कार्डावरच्या खर्चातूनही जमतात. डेल्टाने २०२४ पासून फक्त एमक्यूडी (खर्चावर मोजलेले डॉलर) ठेवले. सप्टेंबर २०२३ मध्ये डायमंडला ३५,००० जाहीर केले आणि ओरड झाल्यावर महिन्याभरात २८,००० वर आणले. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून एका पौंडाला एक टियर पॉइंट धरला: सिल्व्हर ७,५००, गोल्ड २०,०००. पूर्वी गोल्डला १,५०० टियर पॉइंट लागत आणि स्वस्त बिझनेसच्या बदलत्या मार्गांनी ते जमवता येत. ती वाट जवळपास बंद झाली.

अलायन्सही बदलतो. एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने ३१ ऑगस्ट २०२४ ला स्टार अलायन्स सोडला आणि दुसऱ्या दिवशी स्कायटीममध्ये गेली. तिच्या युरोबोनस प्रोग्रामचे गोल्ड सदस्य त्या रात्री स्टार गोल्ड राहिले नाहीत. ज्यांचा सगळा प्रवास लुफ्तान्सा आणि युनायटेडवर होता त्यांच्या हातात भलत्याच विमानांचे कार्ड उरले.

यामागचे गणितही समजून घ्यायला हवे. हे प्रोग्राम माइल्स विकून चालतात, मुख्यतः बँकांना. २०२० मध्ये युनायटेडने मायलेजप्लस तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने स्कायमाइल्सवर ९ अब्ज, आणि २०२१ मध्ये अमेरिकनने ॲडव्हांटेजवर १० अब्ज. एवढ्या किमतीच्या प्रोग्राममध्ये अंतर मोजणाऱ्या हुशार प्रवाशापेक्षा खर्च करणारा सदस्य कंपनीला हवा असणार. म्हणून दोन-तीन वर्षांनी मिळणाऱ्या फायद्याच्या आशेवर आज पैसे गुंतवू नका. जमलेले वापरून टाका.

पश्चिमवारा

नकाशे, उत्तम माहिती. यावरून एक ठरवता येते: दर्जा ज्या वर्षी मिळवला त्या आणि पुढच्या वर्षात किती वापरला जाईल तेवढाच धरायचा. नोव्हेंबरमध्ये मिळवलेला दर्जा कॅलेंडर वर्षाच्या प्रोग्राममध्ये पुढचे पूर्ण वर्ष आणि बहुधा त्याहून थोडा जास्त चालतो. पुढच्या वर्षी नोकरी बदलून प्रवास कमी होणार असेल तर तो दर्जा न वापरता संपतो.

रोजनिशी

एक प्रश्न. सर्वोच्च दर्जाच्याही वर आमंत्रणाचे दर्जे असतात, अमेरिकनचे कन्सिअर्जकी, युनायटेडचे ग्लोबल सर्व्हिसेस, डेल्टाचे ३६०. त्यासाठी काही निकष मिळतात का?

खिडकीपाशी

निकष जाहीर नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी आखणी करणे शक्यच नाही. आकडा जाहीर असलेल्या उंच पायऱ्या हव्या असतील तर त्या वेगळ्या: लुफ्तान्साच्या माइल्स ॲण्ड मोअरमध्ये सेनेटरला २,००० पॉइंट, त्यांतले १,००० क्वालिफाइंग, आणि एचओएन सर्कलला एका कॅलेंडर वर्षात ६,००० एचओएन पॉइंट. तिथे फ्रँकफर्टचे फर्स्ट क्लास टर्मिनल आणि गाडीने थेट विमानापर्यंत सोडणे मिळते. सिंगापूरच्या पीपीएस क्लबला १२ महिन्यांत २५,००० पीपीएस व्हॅल्यू (भाड्यावर मोजलेले पॉइंट) आणि सॉलिटेअरला ५०,०००. पीपीएस व्हॅल्यू फक्त बिझनेस, फर्स्ट आणि स्वीट्समधून मिळते.

इथे एक गोष्ट खुलासेवार लिहितो, कारण ती माझ्या बाजूची आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तिथल्या कंपनीच्या क्रिसफ्लायर प्रोग्रामचे एलिट गोल्ड आणि इतर कंपन्यांचे स्टार गोल्ड 'क्रिसफ्लायर गोल्ड' लाउंजमध्ये जातात, पीपीएस सदस्य सिल्व्हरक्रिस लाउंजमध्ये. इस्तंबूललाही स्टार गोल्डचे लाउंज वेगळे आणि बिझनेसवाल्यांचे वेगळे. मोठ्या कंपनीच्या मुख्य विमानतळावर 'अलायन्सचा गोल्ड' आणि 'आमचा वरचा सदस्य' यांत भेद केला जातो. तुमचा बहुतेक प्रवास एकाच मुख्य विमानतळावरून होत असेल तर पश्चिमवारा म्हणतात तेवढी वरची पायरी निरुपयोगी नाही.

पश्चिमवारा

हे मान्य. पण पीपीएस मिळवणारा बिझनेसमध्येच बसलेला असतो, त्याला तिकिटावरच सिल्व्हरक्रिस मिळते. दर्जाचा खरा उपयोग इकॉनॉमीत बसण्याच्या दिवशी. वर्षभर बिझनेसचे तिकीट असणाऱ्याला लाउंज, सामान आणि रांग तिकिटातच मिळतात, म्हणून सर्वोच्च दर्जा ज्याला सहज मिळतो त्याला त्याची गरज सर्वात कमी. नोकरीत बिझनेस आणि घरच्या प्रवासात इकॉनॉमी असे मिश्रण असेल, तिथे मात्र तो उपयोगी पडतो.

ध्रुवदिशा

प्रोग्राम निवडताना "ज्या कंपनीने उडतो तिचाच" हा हट्ट सोडावा. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्डला निव्वळ अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात युनायटेड क्लब मिळत नाही. तेच दुसऱ्या देशातल्या स्टार कंपनीचे गोल्ड कार्ड दाखवले तर मिळते. वनवर्ल्डमध्ये अमेरिकन आणि अलास्काच्या सदस्यांना तशीच मर्यादा आहे. म्हणून अमेरिकेत बराच फिरणाऱ्याने पॉइंट परदेशी प्रोग्राममध्ये टाकणे रास्त. बदल्यात स्वतःच्या कंपनीचे मोफत अपग्रेड सोडावे लागतात. कुठले जास्त हवे ते ठरवा.

निवडीआधी पुढच्या १२ महिन्यांतली पक्की तिकिटे एका कागदावर मांडा: मार्ग, चालवणारी कंपनी, क्लासचे अक्षर, कर वगळून भाडे. मग दोन-तीन प्रोग्रामच्या तक्त्यांत प्रत्येक ओळीचे पॉइंट भरा. बहुतेकदा दिसते की एका प्रोग्राममध्ये मधला दर्जा दोन तिकिटांत होतो आणि दुसऱ्यात वर्षभरातही होत नाही. वर्ष कधी संपते तेही लिहा. युनायटेड आणि डेल्टाचे कॅलेंडर वर्ष, अमेरिकनचे मार्च ते फेब्रुवारी, ब्रिटिश एअरवेजचे एप्रिल ते मार्च, फ्लाइंग ब्लूचे प्रत्येकाचे स्वतःचे.

तिकीटघर

एवढे होऊनही कुणाला शेवटची फेरी मारायचीच असेल तर ती कुठे फसते ते सांगतो.

पॉइंट तिकीट काढल्याच्या तारखेने मोजले जात नाहीत, उडाल्याच्या तारखेने मोजतात. ३० डिसेंबरची फेरी ठेवली आणि विमान रद्द होऊन २ जानेवारीला गेले तर ते पॉइंट पुढच्या वर्षाचे. निदान दोन आठवडे हातात ठेवा. सामान चेक-इन करू नका, फेरबुकिंगला ते आड येते. परतीचा टप्पा वेगळ्या तिकिटावर नको, पहिला चुकला की दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

कंपनीने स्वतःहून दुसऱ्या विमानात हलवले तर नवा क्लास बहुधा शून्य पॉइंटचा असतो. अशा वेळी मूळ तिकिटाप्रमाणे पॉइंट मागता येतात. त्याला 'ओरिजिनल राउटिंग क्रेडिट' म्हणतात आणि तो शब्द वापरूनच अर्ज करा. सोबत मूळ ई-तिकीट (क्लासचे अक्षर दिसणारे), रद्द झाल्याचा ईमेल आणि प्रत्यक्ष उडालेल्या विमानाचा बोर्डिंग पास. पास ॲपमधून काही दिवसांत नाहीसा होतो, म्हणून गेटवरच स्क्रीनशॉट घ्या. आणि गेटवर अपग्रेड झाले म्हणून खुश होऊन जास्त पॉइंट गृहीत धरू नका. पॉइंट पैसे भरलेल्या क्लासचेच येतात.

अनुराधा_नक्षत्र

खूप उपयोगी धागा. एका कंपनीचा मधला दर्जा आहे, आता प्रवास दुसऱ्या अलायन्सवर जाणार आहे. स्टेटस मॅच (एका कंपनीचा दर्जा पाहून दुसरीने तसाच देणे) मागावा का, आणि कधी?

गणकयंत्र

मागावा, पण घाई करू नये. बऱ्याच कंपन्या मॅच आयुष्यात एकदाच किंवा काही वर्षांतून एकदाच देतात. तो प्रवास सुरू होण्याच्या जेमतेम आधी वापरा. बहुतेक ठिकाणी आधी ठरावीक दिवसांचा तात्पुरता दर्जा देतात आणि तेवढ्यात ठरावीक पॉइंट किंवा फ्लाइट पूर्ण केल्या की वर्षभराचा करतात. म्हणून अर्ज अशा बेताने करा की मोठी तिकिटे त्या दिवसांत येतील. आधी उडालेल्या फेऱ्या सहसा मोजत नाहीत.

कागदपत्रांत चालू दर्जाचे कार्ड आणि गेल्या १२ महिन्यांचे खात्याचे स्टेटमेंट, ज्यात प्रत्यक्ष फ्लाइट दिसतात. दुसऱ्या मॅचवर मिळालेला दर्जा बहुतेक ठिकाणी नाकारतात. अर्जावरचे नाव, कार्डावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर सारखे हवे. मधले नाव एका ठिकाणी असून दुसऱ्या ठिकाणी नसेल तर अर्ज परत येतो, आणि तेवढ्यात मॅचची योजनाच बंद झालेली असू शकते. नाव आधी दुरुस्त करून घ्या, मग अर्ज.